खेकड्यांची रविवारची सुट्टी

खेकड्यांना साप्ताहिक सुट्टी देणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो भिवंडीत राहतो. हे मी छातीठोकपणे सांगू नये खरं तर, कारण मी पृथ्वी फारशी पाहिलेली नाही. राहनाळहून कॉलेजला आणि कॉलेजहून राहनाळला, एवढंच माझं फिरणं. पण आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना मी एकदा भीतभीत विचारलं होतं की असं कुणी करतं का. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि "तुझी तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. त्यावरून मी काय ते समजले. हा माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणते. ते पालिकेच्या सफाई खात्यात मुकादम होते. निवृत्त झाले त्याला काही वर्षं झाली, पण ती बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोहोचलेली नाही. घरात बसून साधं पाणी मागितलं तरी गल्लीच्या टोकाला कुणीतरी झाडू हातात घेऊन उभं राहील, असा तो आवाज आहे. माझं कॉलेज त्यांच्या घरापासून जवळ, म्हणून कॉलेज चालू असलं की दुपारचं जेवण माझं तिथेच असतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मामांना याचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान आहे. ते मला "बाय" म्हणतात, आणि कुणी पाहुणे आले की "ही आमची बी.एस्सी." म्हणतात.

मामांच्या घरात समुद्र आला तो त्यांच्या मुलीमुळे. ताई नर्स आहे. इथल्या एका दवाखान्यात नोकरी लागल्यावर तिने बाहेरच्या खोलीत, जिथे पूर्वी कपाट होतं तिथे, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणून ठेवली. त्यात दगड, वाळू आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. भिंतीपलीकडे कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. दिवसभर खटाखट चालू असते, आणि टाकीतल्या पाण्यावर सतत एक बारीक थरथर दिसते. मासेवाल्या दुकानदाराने सांगितलं होतं की या आवाजात मासे टिकायचे नाहीत. ते टिकले. उलट शुक्रवारी लूम बंद असतात तेव्हा ती जोडी बावरल्यासारखी कोपऱ्यात जाऊन बसते. "भिवंडीची झाली ती," मामा म्हणाले होते. एवढं सोडलं तर टाकीत त्यांना काडीचा रस नव्हता. मग ताईला मस्कतच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. जाताना तिने आईला मिठी मारली, मला मिठी मारली, आणि वडिलांच्या हातात टाकीतल्या पाण्याचा खारटपणा मोजायची काचेची नळी दिली. "पप्पा, पुढच्या जयंतीला, चौदा एप्रिलला, येते मी. तोपर्यंत माझी जोडी जगली पाहिजे." मामांनी त्या नळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चार्ज घेतला." मी हसले, पण ते हसत नव्हते.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नुसते मासे ठेवून भागत नाही. मासे खातात, सांडतात, काचेवर शेवाळ चढतं, कधी कुणी मरतं. ते सगळं खाऊन टाकणारे जीव सोबत लागतात. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे संन्यासी खेकडे, काच चाटत फिरणाऱ्या शंखातल्या गोगलगायी, आणि समुद्रकाकडी नावाचा एक लांबुडका प्राणी, जो एका बाजूने वाळू गिळतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं ठेवून घेतो आणि दुसऱ्या बाजूने धुतल्यासारखी वाळू सोडतो. ताई गेल्यावर यातले काही कमी झाले होते, म्हणून मामा आणि मी दुकानात गेलो. दुकानदाराने पाण्याच्या पिशवीत खेकडे भरले आणि अगदी प्रेमाने सांगितलं, "चाचा, ये आपका सफाई स्टाफ है. मछली का जूठा, मरा-गिरा, सब यही खाते हैं. इनको अलग से कुछ देने का नहीं."

हे शब्द मामांसमोर बोलायला नको होते. परतताना रिक्षात ती पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती. नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा म्हणाले, "बाय, जूठा खातात म्हणाला तो."

"हो मामा. त्यांचा तो स्वभावच आहे."

"स्वभाव!" मामा म्हणाले. "आमचाही स्वभावच आहे, असं सांगायचे लोक."

दुसऱ्या दिवसापासून टाकीचा कारभार बदलला. सकाळी सात वाजता मामा इस्त्रीचा शर्ट घालून टाकीसमोर उभे राहू लागले आणि टॉर्च मारून हजेरी घेऊ लागले. "खेकडा नंबर एक! हजर. नंबर दोन! हजर. नंबर तीन... तीन कुठाय?" खेकडे शंखाच्या रंगावरून ओळखायला ते शिकले होते, आणि तिथेच गोंधळ व्हायचा. हे खेकडे वाढले की जुना शंख सोडून मोठ्या शंखात जातात. एकदा तीन नंबरने पाच नंबरच्या सोडलेल्या शंखात मुक्काम हलवला, तर मामांच्या हिशेबात तीन गैरहजर आणि पाच एकाच वेळी दोन ठिकाणी ड्युटीवर. खरा प्रकार मी समजावून सांगितल्यावर ते काचेवर बोट ठेवून म्हणाले, "क्वार्टर बदलताना ऑफिसला कळवायचं असतं." एका खेकड्याने शंखासाठी एका गोगलगाईला धरून ओढलं, तर त्याला त्यांनी प्लास्टिकच्या पांढऱ्या टबात घालून निलंबित केलं. निलंबनात निम्मा भत्ता मिळतो या नियमाने त्याला कोळंबीचा अर्धाच तुकडा मिळाला.

हो, कोळंबी. मामांनी पहिलाच आदेश काढला होता की या घरात कुणी उष्टं खाणार नाही. मासे जेवायच्या आधी खेकड्यांना ताजी कोळंबी, गोगलगायींना धुतलेली पालकाची पानं. बाजारात मासळीवाली विचारायची, "मुकादम, रोज रोज कोळंबी? पाव्हनं हाईत काय घरात?" तर मामा सांगायचे, "स्टाफसाठी नेतोय." आणि माशांचं सांडलेलं, वाळूत पडलेलं कोण उचलणार? ते मामा उचलायचे. एक बारीक नळी टाकीत सोडून, दुसरं टोक बादलीत धरून, बनियनवर बसून ते वाळूवरचा कण न् कण ओढून घ्यायचे. आयुष्यभर दुसऱ्यांकडून झाडून घेतलेला माणूस आता स्वतः खाली बसून खेकड्यांच्या अंगणाची झाडलोट करत होता. आत्या म्हणायची, "घरातला केर कधी काढला न्हाय या मानसानं." ते म्हणायचे, "ती तुझी हद्द."

रविवारी तर सगळ्यांनाच सुट्टी. सकाळी खेकड्यांची पांढऱ्या टबात रवानगी व्हायची. टबात दोन दगड, हवेची नळी, आणि वर आत्याची जुनी ओढणी, ऊन लागू नये म्हणून. सोमवारी सकाळी परत टाकीत. ही हकीकत ऐकून दुकानदार पोट धरून हसला होता. "चाचा, भिवंडी में जुम्मे को छुट्टी होती है. आपके केकड़े इतवार को क्यूँ?" मामा शांतपणे म्हणाले, "वो लूमवालों का. ये सरकारी स्टाफ है."

मी हसायचे, आत्या हसायची, फोनवर ताई हसायची. तिला वाटायचं पप्पा गंमत करतात. मला वाटतं, आम्ही सगळे जरा जास्तच हसलो. एका दुपारी मी अभ्यास करत बसले होते आणि मामा नळी धरून बसले होते, तेव्हा मी सहज म्हणाले, "मामा, एवढं कशाला करता? ते खातील ना वाळूतलं."

त्यांनी नळी सोडली नाही. टाकीकडे बघतच बोलू लागले, आणि मुकादमाचा आवाज कुठेतरी गेला होता. "आमचं गाव अकलोलीच्या पलीकडे. माझ्या आजोबांच्या वेळेला सगळ्या वस्तीने शपथ घेतली होती, मेलेलं ढोर ओढणार नाही, मेलेलं खाणार नाही, कुणाच्या दारचं उष्टं घेणार नाही. उपाशी मेलो तरी. आणि पाळली त्यांनी. मग माझा बाप गेला, आई मला घेऊन इथे आली. गल्ल्या झाडायची. दुपारी बायका वरून हाक मारायच्या, घे गं. आई पदर पसरायची. घरी आल्यावर त्यातलं बरं बघून माझ्या पुढ्यात ठेवायची. सुट्टी म्हणून तिला कधी मिळाली नाही. आजारी पडली त्या दिवशीही गेली होती." नळीतून पाणी बादलीत पडत राहिलं. "शपथ तिने मोडली. माझ्यासाठी मोडली. म्हणून मी ठरवलंय, माझ्या घरात ती परत मोडायची नाही. माणूस असो, खेकडा असो."

मी पुस्तक उघडं ठेवून बसून राहिले.

पण टाकीला ही शपथ माहीत नव्हती. दगडांच्या फटींत आणखीही काही जीव राहत होते. ते दुकानातून आणलेले नव्हते; दगडांबरोबर आपोआप आलेले. लांब, गुलाबी, अंगभर बारीक काटे असलेले किडे. उजेडात ते बाहेर पडत नाहीत, म्हणून मामांना त्यांचा पत्ताच नव्हता. एका दुपारी लाइट गेली, टाकी अंधारी झाली, आणि मामांनी टॉर्च मारला तर दगडाखालून एक किडा अर्धा बाहेर येऊन वाळूतला कण ओढून नेत होता. "हा कोण?" मामा ओरडले. "याची नेमणूक कुणी केली?" त्यांनी सरळ हात घातला आणि त्याला चिमटीत धरला. पुढचा सगळा वेळ आत्या त्यांच्या बोटांवर चिकटपट्टी लावून काढत होती आणि पट्टीबरोबर काचेसारखे काटे निघत होते. "धरा अजून सरकारी स्टाफ," ती म्हणत होती. मामा म्हणाले, "हा स्टाफच नाही. याचं नाव हजेरीवर नाही, आणि हा चोरून उष्टं खातो." मारायचं त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं, पंचशील ते रोज म्हणतात. म्हणून लाइट नसताना टॉर्च आणि चिमटा घेऊन त्यांनी सापडतील तेवढे किडे काढले, खाऱ्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत घातले, तिच्यात हवेची नळी सोडली आणि ती बरणी स्वयंपाकघरात फळीवर ठेवली. याला त्यांनी बदली असं नाव दिलं. त्यांच्यासाठीही कोळंबीचा तुकडा मंजूर झाला. आत्याने लोणच्याची बरणी तेवढी दुसऱ्या टोकाला सरकवली.

मामांची आणखी एक सवय सांगायची राहिली, आणि खरं नुकसान तिनेच केलं. टाकीतला कुठलाही जीव मेला असं ते कधी म्हणायचे नाहीत. दिसला नाही तर तो रजेवर. गोगलगाय पालथी पडून हलेनाशी झाली तरी आधी काही दिवस ती वैद्यकीय रजेवर असायची. ताई गेल्यानंतर मामांनी केशरी जोडीला सोबत म्हणून एक छोटा निळा मासा आणला होता. मार्च महिन्यात, उन्हाळा चढू लागला तेव्हा, तो निळा हजेरीला दिसेना. "रजेवर," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशीही रजेवर. तिसऱ्या दिवशी रविवार होता. खेकडे ओढणीखाली टबात सुट्टीवर होते, आणि मी वडिलांनी दिलेली वांगी आत्याला द्यायला आले होते.

दारातच वास आला. टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं होतं. केशरी जोडी अगदी पाण्याच्या वरच्या थराशी आली होती आणि तोंडं उघडून हवा गिळत होती. मामा खाली बसून नळीने वाळू ओढत होते. बनियन भिजलेलं. "एवढा साफ करतोय बाय," ते म्हणाले, "रोज करतोय. एक कण राहू दिला नाही." त्यांचा चेहरा मला बघवला नाही. जयंतीला थोडेच आठवडे उरले होते.

आत्याने न विचारता ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टाकीसमोर धरला. ताई ड्युटी संपवून खोलीवर आली होती, अजून गणवेशात होती. तिने टाकी नीट पाहून घेतली. मग दवाखान्यात बोलतात तसं बोलू लागली. "पप्पा, आतमध्ये काहीतरी कुजतंय. निळा कुठाय?"

"रजेवर."

"पप्पा!"

मामांनी मान खाली घातली. "शुक्रवारपासून दिसला नाही."

"मागचा मोठा दगड उचला. हळू."

मामांनी उचलला. मागे, जिथे त्यांची नळी कधीच पोहोचली नसती अशा खोबणीत, निळा होता. म्हणजे निळ्याचं जे उरलं होतं ते. मामांनी ते ओंजळीत घेऊन बाहेर काढलं. ताईने सांगितलं तसं आम्ही टाकीसाठी नेहमी पिंपात भरून ठेवलेलं तयार खारं पाणी घेतलं, टाकीतलं घाण पाणी बादल्यांनी उपसलं, नवं ओतलं. आत्या न्हाणीघरापर्यंत बादल्या वाहत होती, मी ओतत होते, मामा नळी धरून होते. जोडी अजून वरच होती.

"खोबणीत बारीक तुकडे राहिले असतील," ताई म्हणाली. "ते काटेवाले किडे खातील. ते दिसतायत का?"

भिंतीपलीकडून लूमचा आवाज येत राहिला.

"पप्पा, किडे?"

"त्यांची बदली झालीय," मामा म्हणाले.

"कुठे?"

"माझ्या लोनच्याजवळ," आत्या म्हणाली.

ताईने कपाळावर हात मारलेला पडद्यावर दिसला. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. कोळंबी, पालक, नळी, आणि सुट्टी खरीच होती हे. पोटभर कोळंबी खाल्लेले खेकडे खोबणीत कशाला जातील, आणि किडे तर बरणीत. ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं मला वाटलं. ती हळू म्हणाली, "पप्पा, ते कामाला नाहीत ओ. ते राहतात तिथे. त्यांचं ते जेवण आहे."

"मेलेलं?" मामांचा आवाज चढला. "उष्टं? या घरात कुणी उष्टं खाणार नाही. तुला माहितीय मी का म्हणतो ते. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, कुणी..."

"आनि मी काय खाते ओ रोज?"

आत्या रिकामी बादली घेऊन मधल्या दारात उभी होती. ती भांडत नव्हती. हसतच म्हणाली, नेहमीसारखी, पदराला हात पुसत. "तुमचं झालं, हिचं झालं, कोन आलं गेलं त्याचं झालं, मंग पातेल्याला जे लागलेलं असतंय ते माझं. कवा भात हाय तर कालवन न्हाय. इतकी वर्सं मला न्हाय दिलीत ती रजा. आना ती बरनी."

खरं होतं ते. मी रोज तिथे जेवत होते. मामांना गरम भाकरी, मला गरम भाकरी, आणि आम्ही उठल्यावर आत्या चुलीपाशी पातेलं पुढ्यात ओढून बसायची, बोटाने कडा पुसून घ्यायची. आमच्या राहनाळच्या घरी आईसुद्धा तशीच बसते. ते दिसण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मामांनाही वाटलं नसावं. ते आत्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांना समोर आत्या दिसत नव्हती, दुसरंच कुणी दिसत होतं. पण हे मी आपलं माझ्या मनाने म्हणते.

ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बरणी घेऊन आले. एकेक किडा चिमट्याने उचलून त्यांनी खोबणीपाशी सोडला. मग ओढणी बाजूला करून टबातले खेकडे आणले. आधीच्या सवयीने त्यांच्या तोंडून "नंबर एक" असं निघालं आणि ते तिथेच थांबले. खेकडा त्यांच्या तळहातावर शंखातून डोळे बाहेर काढून बघत होता. मामा वाकले आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाले, "बसा. जेवायला बसा."

संध्याकाळपर्यंत पाणी नितळलं नव्हतं, पण जोडी वरून थोडी खाली उतरली होती. आम्ही सगळे तिच्याकडे बघत जमिनीवर बसलो होतो आणि माझी वांगी तशीच पिशवीत होती. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला न जाता आधी तिथे गेले, तर दोघं आपल्या नेहमीच्या दगडाजवळ फिरत होते. मोठी पुढे, छोटा मागे. मामा खुर्चीत झोपले होते, हातात टॉर्च होता.

ताई जयंतीला आली. पांढरी साडी नेसून मिरवणुकीला जायच्या आधी ती टाकीसमोर बसली, जोडी बघितली, खोबणीत टॉर्च मारला, आणि मग वडिलांच्या गळ्यात पडली. मामा म्हणाले, "चार्ज दिला." ती म्हणाली, "नाही हं पप्पा, अजून तुमच्याकडेच." तिचा करार वाढला होता. सुट्टी संपली तशी ती परत गेली, आणि जाताना तीच काचेची नळी तिने पुन्हा वडिलांच्या हातात ठेवली. या वेळी मामांनी नुसती मूठ मिटली.

माझी परीक्षा संपली तसं माझं रोजचं जाणं राहिलं नाही. कधीमधी जाते. निळ्याला मामांनी गच्चीवरच्या जास्वंदीच्या कुंडीत पुरलं, ती जास्वंद यंदा बरी फुलली आहे, असं आत्या सांगते. पांढऱ्या टबात आता कपड्यांचे चिमटे असतात. दुकानदार अजून विचारतो, "चाचा, आपके स्टाफ की छुट्टी?" आणि मामा सांगतात, "स्टाफ नहीं है वो. किरायेदार है." सकाळची हजेरी चालू आहे, पण आवाज उतरलाय आणि नंबर गेलेत. टॉर्च फिरवतात, वाळू गिळणाऱ्या काकडीबाईला नमस्कार केल्यासारखी मान हलवतात, आणि दगडाच्या अंधाऱ्या खोबणीपाशी, जिथे कुणी दिसत नाही, थोडं जास्त थांबतात. "असतील," म्हणतात. "जेवत असतील."

आणि दुपारी पानं एकदम मांडली जातात. आत्याला ते बिलकूल पसंत नाही. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, बाई जेवायला बसली तर थापणार कोण, असं तिचं रोजचं भांडण असतं. त्यावर मामांनी असा शोध लावलाय की कोमट भाकरी तब्येतीला चांगली. याला पुरावा काय, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "तू बी.एस्सी., तू शोध." मागच्या आठवड्यात गेले तेव्हा मामा ताटावर बसले होते. भाकरी थंड होत होती, कालवणावर साय धरत होती, आणि ते मांडीवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. समोर टाकीत एक खेकडा वाळूतलं काहीतरी दोन्ही हातांनी तोंडात घालत होता. आतून आत्या ओरडली, "जेवा ओ तुमी, गार व्हतंय सगळं!"

"होऊ दे," मामा म्हणाले.